अंडाशयाची बातमी तोंडापर्यंत येते का?

आपल्याकडे दवाखान्यात ‘थुंकी तपासायला द्या’ असं सांगितलं, की घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती क्षयाची. त्या तपासणीला लागतो तो बेडका, खोकून छातीतून वर काढलेला. लाळेतून अंडाशयाचा कर्करोग शोधण्याच्या क्षेत्रात जिच्यावर काम चालतं ती लाळ निराळी. ती खोकून काढायची नसते, घशातून ओढायची नसते. मान जरा खाली घालून ओठ नळीला लावायचे आणि तोंडात आपोआप साठेल ती लाळ नळीत सोडून द्यायची. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. नमुना देणाऱ्या बाईला तो नीट सांगता आला नाही, तर पुढची लाखमोलाची यंत्रं भलत्याच द्रवावर चालतील.

अंडाशयात कर्करोग सुरू झाला, तर त्याची खूण लाळेत उमटते का? उमटली तर ती भरवशाने मोजता येते का? आणि मोजली, तर त्या बाईचं त्यातून काही भलं होतं का? या क्षेत्रातलं सगळं काम या तीन प्रश्नांभोवती फिरतं. पहिल्याला ‘बहुधा हो’ म्हणणारे शोधनिबंध आहेत. दुसऱ्यावर खटपट चालू आहे. तिसऱ्यापर्यंत लाळेची कोणतीही चाचणी अजून पोचलेली नाही. हे मी दारातच सांगतो आहे आणि तरीही ‘आत या’ म्हणतो आहे. असं का, ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना.

आधी रोगाकडे पाहू. भारतातल्या स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल अंडाशयाचा कर्करोग आढळतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला जगभरात सुमारे ३ लाख २४ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि २ लाखांहून अधिक जणी त्याने दगावतात. भारताच्या वाट्याला त्यातले सुमारे ४७ हजार नवे रुग्ण येतात. रोग अंडाशयापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर दहांतल्या नऊहून अधिक स्त्रिया हयात असतात, दूरवर पसरल्यावर सापडला तर जेमतेम तीन, असं अमेरिकेतल्या नोंदी सांगतात. आणि बहुतेक जणींचा रोग सापडतो तो पसरल्यानंतरच.

असं का होतं, याचं उत्तर शरीररचनेत आहे. अंडाशय बदामाच्या आकाराचं, ओटीपोटात खोल आणि पोटाच्या मोकळ्या पोकळीत असतं. तिथून सुटलेल्या पेशींना पसरायला रक्तवाहिनीही लागत नाही. पोटातल्या द्रवाबरोबर त्या आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यापर्यंत सहज पोचतात. बाईला जाणवतं ते एवढंच, की पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, ओटीपोट दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं. यातलं एकही लक्षण घरात कुणाला घाबरवत नाही. ‘गॅस धरलाय’ म्हणून ओवा दिला जातो, पित्ताच्या गोळ्या होतात, ‘वय झालं’ हेही ऐकवलं जातं. त्या घराला किंवा पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. अशीच लक्षणं घेऊन येणाऱ्या शंभर जणींपैकी जवळजवळ सगळ्यांना खरोखर गॅसच झालेला असतो.

गेल्या पंचवीसेक वर्षांत या रोगाबद्दलची समजूत मुळापासून बदलली. यातला सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अनेकदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो सुरू होतो बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका डागातून. हा डाग पडल्यापासून अंडाशयात गाठ होईपर्यंत सुमारे ७ वर्षं जात असावीत, असा अंदाज २०१७ साली जनुकीय अभ्यासातून मांडला गेला. तो मोजक्या रुग्णांवरून काढलेला आहे, हे खरं. पण तो बरोबर असेल तर रोग पकडायला सात वर्षांची खिडकी आहे, आणि आज आपण त्या खिडकीतून काहीही पाहू शकत नाही.

रक्तातून पाहण्याचा प्रयत्न जुना आहे. रॉबर्ट बॅस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक प्रतिपिंड तयार केलं. ते १२५ व्या खेपेला हाती लागलं, म्हणून ते ज्या प्रथिनाला चिकटतं त्याचं नाव सीए-१२५ पडलं. आज प्रत्येक लॅबच्या दरपत्रकात ते असतं. उपचार चालू असलेल्या रुग्णाचा रोग वाढतो आहे की ओसरतो आहे, हे पाहायला त्याचा फार उपयोग होतो. निरोगी बायकांमधून रुग्ण शोधायला मात्र ते कमी पडतं. सुरुवातीच्या अवस्थेत ते अनेकींमध्ये वाढतच नाही. उलट मासिक पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं. आपल्या देशासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: पोटाच्या क्षयातही ते वाढतं, कधीकधी खूपच. पोटात पाणी झालेलं आणि सीए-१२५ चढलेलं पाहून घरच्यांनी आशा सोडावी, आणि शेवटी निदान क्षयाचं निघून बाई औषधांनी खडखडीत बरी व्हावी, असे अनुभव भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञांना नवे नाहीत.

यापुढच्या दोन मोठ्या चाचण्यांचे आकडे या क्षेत्रात येणाऱ्याने पाठच करावेत. पहिली अमेरिकेतली. ७८ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांची सीए-१२५ आणि सोनोग्राफीने नियमित तपासणी झाली. २०११ साली निकाल आला तेव्हा मृत्यू घटले नव्हते. ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना तो असल्याचा संशय सांगितला गेला. त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. निरोगी होत्या त्या. स्तनातल्या गाठीत सुई घालून तुकडा तपासता येतो. अंडाशयाच्या गाठीत सुई घातली आणि ती खरंच सुरुवातीची कर्करोगाची गाठ असली, तर पेशी पोटात सांडण्याची भीती असते. म्हणून इथे संशयाचं उत्तर बहुधा पोट उघडून किंवा दुर्बिणीने गाठ काढूनच मिळतं.

दुसरी चाचणी ब्रिटनमधली, २ लाख २ हजारांहून अधिक स्त्रियांची. तिथे सीए-१२५ चा एकच आकडा न पाहता तो वर्षानुवर्षं कसा चढतो हे गणिताने पाहिलं. पद्धत हुशारीची होती आणि तिने रोग खरोखर लवकर पकडला. रक्ततपासणीच्या गटात पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत सापडणाऱ्या रुग्णांचं प्रमाण वाढलं, चौथ्या अवस्थेतलं घटलं. तरीही २०२१ साली अंतिम निकाल आला तेव्हा मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. हा निकाल मी जेव्हा जेव्हा नव्याने वाचतो तेव्हा थांबतो. लवकर सापडणं आणि जीव वाचणं यांच्यात एवढं अंतर असेल असं फार थोड्यांना वाटलं होतं. याचा अर्थ कदाचित इतकाच, की आपण जिला ‘लवकर’ म्हणत होतो ती वेळ पुरेशी लवकरची नव्हती.

चाळणी तपासणीने मृत्यू घटतात, हे दाखवणारं मोठं काम आपल्याच मातीत झालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी झाली. एचपीव्ही या विषाणूची एकदाच केलेली तपासणी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे २००९ साली तिने जगाला दाखवलं. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू नसती तर हा हिशेब लागणं अवघड होतं. पण गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहता येतं, तिथला बदल कर्करोग व्हायच्या आधी वर्षानुवर्षं रेंगाळतो आणि दवाखान्यातच काढून टाकता येतो. अंडाशयाच्या बाबतीत यातलं काहीच हाताशी नाही. म्हणून धाराशिवचं यश इथे जसंच्या तसं आणता येणार नाही. आणण्यासारखी आहे ती त्यांची कसोटी: शेवटी किती बायका वाचल्या.

आता लाळेकडे येतो. कानाखालची, जबड्याखालची आणि जिभेखालची अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आणि गाल-ओठांत विखुरलेल्या शेकडो लहान ग्रंथी मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. गालफुगीत सुजते ती यातली कानाखालची. लाळेत ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, विकरं, प्रतिपिंडं, गळून पडलेल्या पेशी, जिवाणू आणि आरएनएचे तुकडे असतात. २००८ साली अमेरिकेतल्या तीन संशोधनगटांनी मिळून निव्वळ ग्रंथींतून थेट घेतलेल्या लाळेत १,१६६ प्रथिनं मोजली. ग्रंथींभोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि रक्तातलं काही ना काही त्यातून लाळेत उतरतं. कॉर्टिसॉलसारखी स्निग्धात विरघळणारी संप्रेरकं पेशींच्या भिंतीतून सहज पार होतात, म्हणून ती लाळेत मोजण्याची पद्धत रुळलेली आहे. मोठ्या प्रथिनांना ही वाट सोपी नाही, आणि पोचली तरी ती फार विरळ होऊन पोचतात.

मग बीजवाहिनीच्या टोकावरच्या मिलिमीटरभर डागाची बातमी तोंडापर्यंत यायची कशी? एक शक्यता अशी, की गाठीतल्या पेशी सूक्ष्म पुटिका रक्तात सोडतात आणि त्या लाळग्रंथींपर्यंत पोचून तिथल्या पेशींचं वागणंच बदलतात. म्हणजे लाळेत सापडते ती गाठीची स्वतःची वस्तू नसून गाठीला ग्रंथीने दिलेला प्रतिसाद असतो. लॉस एंजेलिसमधल्या डेव्हिड वाँग यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांवर हे तपासलं. गाठीच्या पेशींची पुटिका बनवण्याची क्षमता दाबली, तेव्हा लाळेतल्या खुणाही गेल्या. उंदराच्या स्वादुपिंडापासून बाईच्या अंडाशयापर्यंतची मजल मोठी आहे. तरी मला स्वतःला या क्षेत्रात सर्वांत मोहवणारी कल्पना हीच वाटते.

अंडाशय आणि लाळ यांची शास्त्रीय गाठ तशी जुनी आहे. १९९० साली ‘ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला: लाळेतलं सीए-१२५ मोजून अंडाशयाच्या कर्करोगाच्या गाठी ओळखता येतील. मोठी आशा निर्माण झाली. तीनच वर्षांनी, १९९३ साली, त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने लिहिलं, की लाळेतल्या आणि रक्तातल्या पातळीचा मेळ बसत नाही. पुढे कारणही उलगडलं. सीए-१२५ हा ज्या मोठ्या श्लेष्म-प्रथिनाचा भाग आहे, ते प्रथिन डोळ्यांच्या, श्वासमार्गाच्या आणि लाळग्रंथींच्या अस्तरातही तयार होतं. म्हणजे तोंडात सापडलेलं सीए-१२५ तोंडाचं स्वतःचंही असू शकतं. अंडाशयाची बातमी ऐकायला आपण जिथे कान लावला तिथे घरचाच गलका चालू होता. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

२०१२ साली वाँग यांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने वेगळी वाट धरली. प्रथिनाऐवजी लाळेतले संदेशवाहक आरएनए मोजले आणि पाच जनुकांची जुडी निवडली. या जुडीने ८५.७ टक्के रुग्ण ओळखले आणि ९१.४ टक्के निरोगी स्त्रियांना निरोगी म्हटलं. आकडे चांगले आहेत. पण ते २१ रुग्ण आणि ३५ निरोगी स्त्रियांवरचे आहेत, आणि शिवाय रोगाच्या एकाच प्रकाराबद्दलचे.

इथे वही-पेन्सिल घेऊन बसावं. पन्नाशी ओलांडलेल्या १ लाख स्त्रिया घ्या. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजाने वर्षभरात त्यांतल्या साधारण ४० जणींना हा रोग होईल. आपल्याकडे त्याहून कमी. वरची जुडी जशीच्या तशी वापरली तर ४० पैकी ३४ सापडतील. उरलेल्या ९९,९६० निरोगी स्त्रियांपैकी ८.६ टक्के, म्हणजे सुमारे ८,६०० जणींना ‘तुमच्या लाळेत संशयास्पद आढळलं’ असं सांगावं लागेल. एक खरी रुग्ण सापडायला अडीचशे घरांत धास्ती जाईल. म्हणून या क्षेत्रातले जाणकार विशिष्टता, म्हणजे निरोगी स्त्रियांना निरोगी म्हणण्याचं प्रमाण, निदान ९९.६ टक्के हवी असं मानतात. दहा शस्त्रक्रियांमागे किमान एक कर्करोग निघावा, यापेक्षा वाईट व्यवहार त्यांना मान्य नाही.

लाळेच्या बाजूने बोलताना आपण नेहमी सांगतो, की सुई नको, नर्स नको, बाईला घरी बसून नमुना देता येतो. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीच्या नुसत्या नावाने किती बायका तपासणीच टाळतात, हे तालुक्याच्या दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. करोनाच्या साथीत नागपूरच्या नीरी संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची पद्धत काढली, तेव्हा नाकात काडी घालण्याच्या त्रासातून लोकांची सुटका झाली होती. पण जी तपासणी इतकी सोपी, ती लाखो बायकांपर्यंत पोचणार, आणि त्यांतल्या जवळपास सगळ्या निरोगी असणार. नमुना देणं जितकं सोपं, तितकं चुकीचं ‘हो’ महाग. त्यामुळे लाळेच्या चाचणीला रक्ताच्या चाचणीपेक्षा अधिक कडक कसोटी लावावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्या क्षेत्रातल्या काहींना ते जाचक वाटतं, हे मला ठाऊक आहे.

महाराष्ट्रातल्या संशोधकाला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल, जो लॉस एंजेलिसमध्ये करावा लागत नाही: मशेरी. भाजून पूड केलेली तंबाखू हिरड्यांवर चोळायची सवय आपल्याकडे अनेक बायकांना आहे, विशेषतः ज्या वयात अंडाशयाचा कर्करोग होतो त्या वयाच्या. पान, सुपारी आणि खिळखिळे दात त्यात धरा. वरच्या पाच जनुकांतलं एक, आयएल-१ बीटा, दाहाशी निगडित आहे आणि हिरड्या सुजल्या की त्याचं प्रथिन लाळेत वाढतं. समजा, एका अभ्यासातल्या रुग्ण बायका खेड्यातल्या आणि मशेरी लावणाऱ्या, तर निरोगी गटातल्या स्त्रिया महाविद्यालयातल्या कर्मचारी. अशा अभ्यासात सुंदर निकाल निघेल आणि तो अंडाशयाबद्दल काहीच सांगत नसेल. म्हणून या कामात दंतवैद्य पहिल्या दिवसापासून हवेत. हिरड्यांची अवस्था नोंदवल्याशिवाय घेतलेला नमुना मी तरी वापरणार नाही.

अशी फसगत याआधी झालेली आहे. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या आकृतिबंधावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखण्याची पद्धत आली. ५० पैकी ५० रुग्ण आणि ६६ पैकी ६३ कर्करोग नसलेल्या स्त्रिया तिने बरोबर ओळखल्या होत्या. नंतर ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकारी संख्याशास्त्रज्ञांनी जाहीर झालेली आकडेवारी उलगडून पाहिली. त्यांना दिसलं, की दोन गटांमधल्या फरकाचा बराच भाग नमुने हाताळण्याच्या आणि यंत्रावर चालवण्याच्या पद्धतीतून आलेला असू शकतो. मूळ संशोधकांनी आकडेवारी उघडी ठेवली होती म्हणून हे कळलं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

लाळेचा एक उपयोग मात्र आजच पक्का आहे आणि तो नवख्या माणसाच्या मनात या सगळ्यात मिसळून जातो. लाळेत आपल्या पेशी असतात आणि पेशींत डीएनए. त्यावरून बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतला आनुवंशिक दोष वाचता येतो. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या दहांपैकी सुमारे चार स्त्रियांना आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होतो. सर्वसाधारण स्त्रीला हा धोका शंभरात एक-दीड इतका आहे. इंग्लंडमध्ये हे दोष ज्यू समाजात जास्त आढळतात, म्हणून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने २०२४ साली त्या समाजासाठी घरपोच लाळ-तपासणी सुरू केली. पण ही तपासणी धोका सांगते, रोग सांगत नाही. जन्माच्या दिवशी केली काय आणि साठाव्या वर्षी केली काय, उत्तर तेच येणार. आपण शोधतो आहोत ती काल नसलेली आणि आज उमटलेली खूण. माझ्या मते या दोन तपासण्या पुढे एकत्र येतील. आधी लाळेतल्या डीएनएवरून ज्यांचा धोका मोठा आहे अशा स्त्रिया निवडायच्या आणि मग त्यांच्याच लाळेत वर्षानुवर्षं बदल शोधायचा. चाळीसांऐवजी लाखात काही हजार रुग्ण असतील अशा गटात वरच्या वहीतलं गणित पार बदलतं.

या कामाला जीवरसायनशास्त्रज्ञ लागतात, तसे संख्याशास्त्रज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि परिचारिकाही लागतात. ज्यांच्या शब्दावर बाई नळीत लाळ देईल त्या आशाताईही लागतात. यातल्या कुणालाही ‘हे माझं क्षेत्र नाही’ असं वाटायचं कारण नाही. निरोगी स्त्रियांशीच तुलना न करता अंडाशयात साधी गाठ असलेल्या, पोटाचा क्षय असलेल्या, एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांशी तुलना करणारे अभ्यास भारतातल्या सरकारी रुग्णालयांत जितके सहज होतील तितके फार थोड्या ठिकाणी होतील. नमुना शस्त्रक्रियेआधी आणि केमोथेरपीआधी घ्यायचा, एवढी शिस्त पाळावी लागेल.

सुरुवात आजच करता येईल, परवानग्या आणि निधी यांची वाट न पाहता. तीन स्वच्छ नळ्या घ्या. एकीत सकाळी दात घासायच्या आधीची स्वतःची लाळ, दुसरीत न्याहारीनंतर तासाभराची, तिसरीत दुपारच्या जेवणानंतर लगेचची. नळ्या बर्फावर ठेवा, वेळ लिहा आणि तिन्हींत एकूण प्रथिन मोजा. माणूस एक, दिवस एक, आणि आकडे तीन येतील. ते एकमेकांपासून किती लांब आहेत, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.